यादीतल्या बारा शब्दांपैकी देवीचे किती?

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत तिच्या हाती एक टिपण आलं. 'ग्रीक देवींच्या नावांवरून आलेले इंग्रजी शब्द' असा त्याचा मथळा, आणि खाली बारा शब्द: हायजीन, पॅनेसिया, नेमेसिस, आयरिस, म्युझिक, सीरिअल, मनी, सायकॉलॉजी, एको, ॲफ्रोडिझिॲक, पॅनिक आणि ॲट्रोपीन. यातले खरे किती आणि ते ओळखायचे कसे, असं ती विचारते. जाता जाता आणखी एक प्रश्न: मराठीत देवीच्या नावावरून आलेले शब्द आहेत का?

थेट उत्तर आधी देते. बारापैकी तीन शब्द निःशंक देवीचे आहेत: म्युझिक, ॲफ्रोडिझिॲक आणि ॲट्रोपीन. नेमेसिस हा चौथा, पण त्याला थोडं स्पष्टीकरण लागेल. सीरिअल आणि मनी देवींचेच, पण त्या देवी रोमन. पॅनिक हा पॅन या बकऱ्याच्या पायांच्या ग्रीक देवावरून आलेला शब्द, तेव्हा तो देवाच्या खात्यात जाईल. उरलेल्या पाच शब्दांबाबत टिपण लिहिणाऱ्याने गंगा उलटी वाहवली आहे. तिथे शब्दावरून देवी झाली, देवीवरून शब्द झालेला नाही.

इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात मला सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात मीही 'हायजीन'च्या शब्दनोंदीच्या कार्डावर 'हायजिया या ग्रीक आरोग्यदेवतेवरून' असं लिहून मोकळी झाले होते. ज्येष्ठ संपादकांनी ते कार्ड परत पाठवलं. कडेला पेन्सिलीने एकच ओळ होती: 'आधी कोण?' व्युत्पत्ती तपासताना मी आजही पहिल्यांदा हेच विचारते.

हा प्रश्न मराठी माणसाला समजायला मुळीच जड नाही. नवरात्रात आपण म्हणतोच, 'या देवी सर्वभूतेषु निद्रारूपेण संस्थिता'. पुढे क्षुधा येते, लज्जा येते, स्मृती येते, शांती येते. म्हणून 'निद्रा हा शब्द निद्रादेवीच्या नावावरून आला' असं कोणी म्हणत नाही. झोपेला निद्रा म्हणतच होते, तिच्यात देवी पाहिली गेली. ग्रीकांनीही हेच केलं, आणि फार मोठ्या प्रमाणावर. विजय म्हणजे नीके, म्हणून विजयाची देवी नीके. रात्र म्हणजे निक्स, म्हणून रात्रीची देवी निक्स. शांतता म्हणजे आयरीनी, म्हणून शांततेची देवी आयरीनी. अथेन्सच्या बाजारचौकात तिचा पुतळा होता, कडेवर संपत्तीचं बाळ घेतलेला.

यात लिपीनेही घोळ घातला आहे. इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं काढलं की विशेषनाम कळतं. देवनागरीत ती सोय नाही. 'घरात लक्ष्मी आली' एवढंच वाक्य असलं तर देवी आली, सून आली की पगार झाला हे मागचंपुढचं वाचूनच कळतं. प्राचीन ग्रीकांचंही असंच होतं. त्यांची सगळी अक्षरं एकाच साच्याची. लहान-मोठी अशी जोडी फार नंतर, इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपास रुळली. त्यामुळे एखाद्या कवीने 'नेमेसिस' लिहिलं तेव्हा त्याला देवी अभिप्रेत होती की नुसता न्याय्य संताप, हे बरेचदा छापील आवृत्तीचा संपादक ठरवतो, आणि त्याप्रमाणे अक्षर मोठं किंवा लहान करतो.

आता हायजीन. ग्रीकमध्ये 'हिगिएस' म्हणजे निरोगी, धडधाकट. त्यावरून आरोग्याला 'हिगिएइया' म्हणत, आणि आरोग्य राखण्याच्या विद्येला 'हिगिएइने तेख्ने'. यातला 'तेख्ने' गळून पडला आणि उरलेलं विशेषण फ्रेंचमार्गे इंग्रजीत हायजीन झालं. देवी हायजियाचं नावही त्याच 'हिगिएस'मधून आलेलं. म्हणजे शब्द आणि देवी ही भावंडं झाली. टिपणाने त्यांना मायलेकरं केलं आहे.

पण या देवीची ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. हायजिया ही वैद्यकदेव ॲस्क्लेपियसची मुलगी. इसवी सनपूर्व ४२० च्या सुमारास अथेन्समध्ये ॲस्क्लेपियसची उपासना सुरू झाली. त्याच्या दहाच वर्षं आधी शहरावर साथीच्या रोगाची भयंकर लाट येऊन गेली होती. शिल्पांमध्ये हायजिया उभी असते, अंगाखांद्यावर साप आणि हातात वाटी, साप वाटीतून पितो आहे. युरोपात अनेक ठिकाणी औषधांच्या दुकानांवर ही वाटी आणि तिच्याभोवतीचा साप दिसेल. तिची बहीण पॅनेसिया, म्हणजे 'पान' (सर्व) आणि 'आकोस' (उपाय), सर्व रोगांवरचं एक औषध. हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या शपथेची सुरुवातच अपोलो, ॲस्क्लेपियस, हायजिया आणि पॅनेसिया या चौघांना साक्षी ठेवून होते. एकीकडे आजारच पडू नये म्हणून जपणारी, दुसरीकडे आजारी पडल्यावर बरं करणारी, अशा दोघी बहिणी शेजारीशेजारी. तरीही इंग्रजीत 'पॅनेसिया' हा शब्द आला तो औषधी वनस्पती आणि रामबाण उपाय या अर्थाने, लॅटिनमधल्या सामान्यनामावरून. म्हणून यादीतून दोघीही बाहेर.

सायकॉलॉजी सोपा आहे. 'प्सिखे' म्हणजे प्राण, जीव, आत्मा. होमरच्या काव्यात योद्धा पडतो आणि त्याचा प्सिखे पाताळाकडे निघतो, तिथे देवीचा मागमूसही नाही. प्सिखे नावाच्या राजकन्येची आणि तिच्यावर जडलेल्या कामदेवाची गोष्ट आपल्यापर्यंत सविस्तर पोहोचली ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अपुलेयस या लेखकाने लॅटिनमध्ये लिहिली त्या रूपात. तिला अमरत्व मिळतं तेही गोष्टीच्या शेवटी. एकोचंही असंच. आवाज, निनाद या अर्थाचा शब्द आधीपासून होता, मग डोंगरात राहणारी, दुसऱ्याचे शेवटचे शब्द परत म्हणणारी अप्सरा त्यातून जन्मली.

आयरिसवर मात्र माझा स्वतःचा जीव आहे. ग्रीकमध्ये आयरिस म्हणजे इंद्रधनुष्य, आणि देवांचे निरोप घेऊन धावणारी देवीही आयरिसच. आपल्याकडे ते इंद्राचं धनुष्य, म्हणजे वस्तू देवाच्या मालकीची आणि शब्द उघडच देवावरून झालेला. ग्रीकांकडे तो पट्टा हीच देवी. डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याला आयरिस म्हणतात ते रंगांमुळे, त्या फुलाला म्हणतात तेही रंगांमुळेच. १८०३ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने एक नवा धातू शोधला. त्याची लवणं विरघळताना इतके वेगवेगळे रंग देत, की त्याने त्याला इरिडियम नाव दिलं. शाईचं पेन वापरणाऱ्यांनी निब उलटी धरून बारकाईने पाहावी. बऱ्याच निबांवर 'इरिडियम पॉइंट' असं कोरलेलं असतं, आणि टोकाला मोहरीपेक्षाही बारीक असा कठीण धातूचा मणी असतो. पुढे त्या मण्यात दुसरे धातू आले तरी कोरीव अक्षरं तीच राहिली. या सगळ्या शब्दांचा धागा इंद्रधनुष्यापाशी जाऊन थांबतो. परीक्षेत मी आयरिस देवीच्या रकान्यात लिहिणार नाही, पण लिहिणाऱ्याशी भांडणारही नाही.

नेमेसिसबद्दल मी स्पष्टीकरण कबूल केलं होतं. 'नेमेइन' म्हणजे वाटून देणं, ज्याचं त्याला देणं. त्यावरून 'नेमेसिस', म्हणजे एखाद्याला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त मिळालं की बाकीच्यांना येणारा रास्त राग. मग त्या रागाची देवी, अथेन्सजवळच्या ऱ्हामनसला तिचं देऊळ. इथवर उलटी गंगाच आहे. पण इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात उचलला तो देवीचं नाव म्हणून, आणि मग 'माज करणाऱ्याला गाठणारी शिक्षा' असा त्याचा अर्थ पसरला. म्हणजे ग्रीकमध्ये शब्द आधी आणि इंग्रजीत देवी आधी. प्रश्न 'इंग्रजी शब्द कशावरून आला' असा असल्याने नेमेसिस बरोबर धरायचा. शब्द कोणत्या भाषेत जन्मला आणि आपल्या भाषेच्या उंबऱ्यावर तो कोणत्या वेशात आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोशाचं काम करताना सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. आता इंग्रजी बोलणारे 'नेमेसिस' हा शब्द नुसत्या 'कट्टर शत्रू'साठी वापरतात. मला ते खटकतं, कारण त्यात वाट्याची आणि न्यायाची मूळ कल्पना पार पुसली जाते.

रोमन देवींचं थोडक्यात. सीरिअल धान्यदेवी सीरीसवरून. ग्रीकांची धान्यदेवी डिमिटर, पण हा शब्द तिच्या नावाला शिवलेलाही नाही. मनी हा जूनो मोनेटा या देवीवरून. तिच्या रोममधल्या देवळाशी टांकसाळ होती, म्हणून टांकसाळीला आणि मग नाण्यालाच मोनेटा म्हणू लागले. इंग्रजीतला टांकसाळीचा 'मिंट' हा शब्दही तिथलाच. ग्रीक आणि रोमन देवतांची जोडी लावून देणारे तक्ते शाळेपासून पाठ केलेले असतात, त्यामुळे दोघींना एकच समजण्याची सवय लागते. शब्दाच्या बाबतीत ती सवय सोडावी लागते. कथा उसनी घेता येते, पण अक्षरं कुठून आली ते अक्षरंच सांगतात.

आता खऱ्या देवींकडे येते. म्यूझ या नऊ बहिणी, स्मृतिदेवी म्नेमोसिनीच्या मुली. काव्य, इतिहास, नृत्य, खगोल सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांची विद्या ती 'मूसिके', तेच म्युझिक. त्यांचं स्थान ते 'मूसेइऑन', तेच म्युझियम. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात टॉलेमी राजांच्या आश्रयाने अलेक्झांड्रियात जे मूसेइऑन उभं राहिलं, तिथे काचेच्या कपाटातल्या वस्तू नव्हत्या. तिथे विद्वान राहत, जेवत, वाद घालत. जगप्रसिद्ध ग्रंथालय त्याच संस्थेचा भाग. आपण 'वस्तुसंग्रहालय' म्हणतो तेव्हा वस्तू डोळ्यासमोर येतात, मूळ शब्दात फक्त त्या नऊ जणी आहेत. आणि घरात पायाखाली पाहा. जुन्या फ्लॅटमध्ये पांढरे-काळे-पिवळे दगडाचे तुकडे दिसणारी मोझॅकची फरशी असते ना, तो 'मोझॅक'ही मध्ययुगीन लॅटिनमार्गे म्यूझपर्यंतच जातो. 'अम्यूझ' मात्र जात नाही. तो जुन्या फ्रेंचमधल्या तोंड वासून बघत राहण्याच्या क्रियापदातून आला आहे. अक्षरं सारखी दिसली म्हणून नातं जोडू नका.

ॲफ्रोडिझिॲकबद्दल शंकाच नाही. ॲफ्रोडाइटीचं अख्खं नाव त्यात बसलं आहे. खुद्द तिच्या नावाचा अर्थ ग्रीकांनी 'आफ्रोस' म्हणजे फेस असा लावला, कारण ती समुद्राच्या फेसातून वर आली असं प्राचीन ग्रीक कवी हेसिअड सांगतो. आजचे भाषाभ्यासक ही व्युत्पत्ती सहसा मान्य करत नाहीत. पूर्वेकडच्या सेमिटिक भाषांमधल्या अस्टार्टी देवीकडे काहींचं बोट आहे. पण तिच्या आधी त्या रूपाचं कुठलंही सामान्यनाम ग्रीकमध्ये नव्हतं, एवढं आपल्या कामापुरतं पुरेसं आहे. इथे देवीच आधी.

आणि ॲट्रोपीन. या एका शब्दासाठी मी अख्खी दुपार खर्च करायला तयार आहे.

ग्रीकांच्या तीन भाग्यदेवी, मोइराय. 'मोइरा' म्हणजे वाटा. क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस त्याची लांबी ठरवते, ॲट्रोपोस तो कापते. बाळ सात दिवसांचं असताना या तिघी घरी येतात आणि त्याचं भविष्य सांगतात अशी मेलिएगर या ग्रीक वीराची कथा आहे. मराठी घरात हे सांगावं लागत नाही. पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. 'पाचवीला पुजलेलं' हा वाक्प्रचार तिथलाच. फरक एवढा, की आपली सटवाई लिहिते, त्यांच्या तिघी सूत काततात.

ॲट्रोपोस हे नाव 'अ' आणि 'त्रोपोस' मिळून झालं आहे. यातला 'अ' म्हणजे आपल्या 'अचल', 'अटळ'मधला नकाराचा 'अ'. दोन्ही भाषांना तो एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला. 'त्रोपोस' म्हणजे वळण. ॲट्रोपोस म्हणजे जी वळत नाही, जिला वळवता येत नाही ती. युरोपात एक झुडूप आहे, काळ्या चकचकीत बोरांसारख्या फळांचं, अतिशय विषारी. इटलीतल्या बायका त्याचा रस डोळ्यांत घालत; बाहुल्या मोठ्या होऊन डोळे टपोरे दिसत, म्हणून त्याला 'बेलाडोना', सुंदर बाई, असं नाव पडलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं ॲट्रोपा बेलाडोना. पहिल्या शब्दात धागा कापणारी, दुसऱ्यात सुंदर बाई. एकोणिसाव्या शतकात त्यातून शुद्ध द्रव्य वेगळं काढलं गेलं, ते ॲट्रोपीन.

आता जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात या. फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेला माणूस आणला आहे. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांची ही लक्षणं. अशा रुग्णाला ॲट्रोपीनची इंजेक्शनं देतात, पुन्हा पुन्हा, छाती मोकळी होईपर्यंत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने फवारणीच्या विषाची दहशत पाहिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही डॉक्टरला 'ॲट्रोपीन' हा शब्द झोपेतून उठवून विचारला तरी माहीत असतो. आयुष्याचा धागा कापणारीचं नाव असं औषधाच्या कुपीवर आहे, आणि ती कुपी माणूस वाचवण्यासाठी फोडली जाते.

इथे एक बारीक गोष्ट दाखवते. डोळ्याच्या डॉक्टरकडे पडदा तपासायला गेलात की आधी थेंब घालून बसवून ठेवतात, बाहुली मोठी होईपर्यंत. त्या थेंबांच्या बाटलीवर बहुतेक वेळा 'ट्रोपिकामाइड' लिहिलेलं असतं. हे नाव ट्रोपिक ॲसिडवरून, आणि ट्रोपिक ॲसिडचं नाव ॲट्रोपीनवरून. रसायनशास्त्रज्ञांनी नाव तोडताना पुढचा 'अ' काढून टाकला. ज्या 'अ'मुळे ती न वळणारी होती, तोच गेला. बाटलीवर उरलं ते नुसतं 'वळण'. देवीचं नाव इतकं झिजलं तरी रसायनाची वंशावळ मागे मागे नेली की शेवटी तीच सापडते.

तिच्या बहिणीही आसपासच आहेत. होमिओपॅथीच्या दुकानात 'लॅकेसिस' मागतात, ते दक्षिण अमेरिकेतल्या बुशमास्टर या अजस्र विषारी सापाच्या विषापासून बनवलेलं औषध; त्या सापाच्या प्रजातीलाच लॅकेसिस नाव आहे. आणि १९९७ मध्ये जपानी संशोधकांना उंदरांमध्ये एक जनुक सापडलं, जे बिघडलं तर उंदीर अकाली म्हातारे होतात. त्याचं नाव त्यांनी ठेवलं क्लोथो. तीन बहिणी, तीन शतकं, आणि तिन्ही वेळा नाव ठेवणाऱ्याला देवी कोण ते पक्कं माहीत होतं.

ही तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी खूण आहे. लिनिअसच्या काळापासून शास्त्रज्ञांनी मुद्दाम ठेवलेली नावं तपासायला सोपी असतात, कारण नाव कोणी ठेवलं, कधी आणि का ठेवलं, याची नोंद असते. १८०२ मध्ये पॅलस हा लघुग्रह सापडला, अथेनेच्या 'पॅलस अथेने' या नावावरून. त्याच सुमारास विल्यम वोलस्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला नवा धातू मिळाला, त्याने लघुग्रहावरून त्याला पॅलेडियम म्हटलं, आणि १८०३ मध्ये स्वतःचं नाव न सांगता तो लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानातून विकायला ठेवला. देवी, मग आकाशातला दगड, मग धातू असा हा प्रवास आहे. भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला टेथिस समुद्र, ज्याच्या तळातला गाळ उचलला जाऊन हिमालय झाला, त्याचं नाव ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी १८९३ मध्ये ठेवलं, ओशनसची पत्नी टेथिस हिच्यावरून. हे दोन्ही शब्द तुमच्या यादीत हवे होते.

आर्टेमिसियाही हवा होता. आर्टेमिस ही शिकारीची आणि बाळंतिणींना सांभाळणारी देवी. बायकांच्या आजारांवर वापरली जाणारी एक कडू सुगंधी वनस्पती तिच्या नावाने आर्टेमिसिया झाली. रोमन लेखक प्लिनी मात्र दोन मतं नोंदवतो. दुसरं मत असं की नाव आशिया मायनरमधल्या कॅरिया राज्याच्या आर्टेमिसिया राणीवरून आलं. पण राणीच्या नावातही देवी आहेच. याच कुळातल्या एका चिनी वनस्पतीतून १९७२ मध्ये तू योयो यांच्या गटाने मलेरियावरचं औषध वेगळं केलं, त्याचं नाव आर्टेमिसिनिन. त्यासाठी त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात आरोग्यसेवक 'आर्टेसुनेट'च्या गोळ्या देतात, त्या शब्दाचा पूर्वार्ध आर्टेमिसचा. आणि चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा? त्याचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. दवण्याची काडी चुरगळून वास घ्या, आर्टेमिसिया म्हणजे काय ते पाठ करावं लागणार नाही.

याच्या उलट प्राजक्त. त्याचं शास्त्रीय नाव निक्टॅन्थिस, आणि ते निक्स देवीवरून आलं असं कुणी ठासून सांगताना मी ऐकलं आहे. तसं नाही. रात्रीचं फूल एवढाच त्याचा साधा अर्थ. इओसीन हा भूशास्त्रीय काळही तसाच, 'ईऑस' म्हणजे पहाट. इथे आणखी एक सापळा आहे. ईऑस आणि आपली उषा एकाच मूळ शब्दाच्या लेकी आहेत, लॅटिनची अरोराही त्यांचीच बहीण. पण म्हणून ईऑस उषेवरून आली किंवा उषा ईऑसवरून, असं होत नाही. सख्ख्या बहिणींमध्ये कुणी कुणाची आई नसते.

मात्र एक शब्द खरोखर ग्रीकांकडून आपल्या पंचांगात आला आहे, तो होरा. ग्रीक 'होरा' म्हणजे ऋतू, योग्य वेळ, मग तास. इंग्रजी 'अवर' तिथलाच. ऋतूंच्या देवी त्या होराय, म्हणजे पुन्हा शब्द आधी आणि देवी नंतर. ज्योतिषाबरोबर हा शब्द संस्कृतात आला. वराहमिहिराने बृहज्जातकात काहींचं मत दिलं आहे, की 'अहोरात्र' या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की 'होरा' उरतो. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही, पण बाहेरून आलेल्या शब्दाला आपल्या घरात जागा करून देण्याची ही रीत मला फार हृद्य वाटते. वराहमिहिर स्वतः ग्रीक ज्योतिषाचा चांगला जाणकार होता, तरी त्याने हे मत नोंदवून ठेवलं.

तर तपासताना असं करा. देवी ग्रीक की रोमन ते आधी पाहा. मग मोठ्या कोशात त्या ग्रीक शब्दाला सामान्यनामाचा अर्थ आहे का ते पाहा. असेल तर शब्द बहुधा देवीच्या आधीचा. मग इंग्रजीतला सर्वांत जुना वापर कोणत्या अर्थाने झाला ते पाहा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तारखेसह उदाहरणं दिलेली असतात. आणि नाव शास्त्रज्ञाने ठेवलं असेल तर त्याने स्वतः काय कारण दिलं ते वाचा. बहुतेक शब्दांचा निकाल एवढ्यावर लागतो.

राहिला मराठीचा प्रश्न. शब्द आहेत, आणि चांगले ठसठशीत आहेत. मुंबई हा मुंबादेवीवरून, 'मुंबा' आणि 'आई'. पोर्तुगीज 'चांगला उपसागर'वाली व्युत्पत्ती कितीही वेळा छापली गेली तरी तिला आधार नाही. अथेन्स आणि अथेने यांच्या बाबतीत अभ्यासकांचा कल उलट आहे, शहराच्या नावावरून देवीला नाव मिळालं असं मानण्याकडे. आपल्याकडे मात्र देवी आधी. भाळी लेख लिहिणाऱ्या सटवाईचं नाव घेऊन बाईला 'सटवी' म्हणून शिवी देतात, तोही देवीवरूनच आलेला शब्द.

पण माझ्या मते सर्वांत अस्सल उदाहरण आहे 'देवी' हाच शब्द. अंगावर फोड येऊन माणसं मरत, वाचली तर आंधळी होत, त्या रोगाचं (इंग्रजीत स्मॉलपॉक्स) नाव उच्चारायचं नाही म्हणून 'देवी आल्या' म्हणायचे. आदरार्थी, अनेकवचनी, घरात पाहुणी आल्यासारखं. मग लस आली तर तिलाही 'देवी काढणं', 'देवी टोचणं' म्हणू लागले, म्हणजे रोगाचं आणि त्याच्या प्रतिबंधाचं नाव एकच. इथे 'आधी कोण?' विचारलं तर उत्तर क्षणात मिळतं. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला, १९८० मध्ये रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. आता 'देवी'चा हा अर्थ मुलांना माहीत नसतो. आमच्या कार्डावर त्या अर्थापुढे मी उदाहरण लिहिलं आहे ते आजीच्या दंडावरचं: रुपयाएवढे दोन गोल, मधे किंचित खोल, कडेला सुरकुतलेले. 'हे काय गं?' असं विचारलं की ती पदर सारखा करत म्हणायची, 'देवी काढलेल्या आहेत.'